हाताखालचा माणूस

लेकीच्या ऑफिसात जाऊन साहेबाला दोन शब्द सुनवायचे, एवढंच तात्यांनी ठरवलं होतं. (दोन शब्दांत भागलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.)

तात्यांनी चाळीस वर्षं लेथवर काढलेली. हुद्दा टर्नर. आठ तासांवर काम गेलं की दुप्पट पैसे, आणि तेही मान वर करून घेतलेले. लेक मात्र सहा महिन्यांत असिस्टंट मॅनेजर! रोज अडीच तास जादा राबते आणि हातात भोपळा.

"मॅनेजरला ओव्हरटाइम नसतो, तात्या."

"तुझ्या हाताखाली माणसं किती?"

"एकही नाही."

"मग मॅनेज कोणाला करतेस, खुर्चीला?"

"तेच तर अर्जात लिहिलंय. हाताखाली माणूस नसेल तर ओव्हरटाइम द्यावा लागतो, कंपनीचाच नियम आहे. उद्या निकाल आहे. तुम्ही मधे पडू नका."

लेक सकाळीच दुसऱ्या शाखेत कामाला गेली, आणि तात्या मधे पडायला निघाले.

साहेब तिशीतला, गोडबोल्या. "या काका, बसा!"

"बसायला आलो नाही. पोरींना पोकळ हुद्दे देऊन फुकट राबवता? लाज वाटत नाही?"

तेवढ्यात मागचं दार फरशीला करकरत घासलं. तात्यांच्या अंगावर काटा आला. "ही बिजागरी कोणत्या गाढवाने बसवली? पेचकस आणा!"

दार झालं. मग कपाट. मग अकरा खुर्च्यांची चाकं. तोंडाने तात्या कंपनीचा उद्धार करत होते आणि साहेब मान डोलवत होता. "अगदी बरोबर, काका. तेवढा टेबलाचा पाय बघता?"

संध्याकाळी साहेब हात जोडून म्हणाला, "असा कारागीर नुसता टर्नर म्हणून रिटायर झाला? अन्याय आहे! आजपासून तुम्ही आमचे मानद मुख्य तांत्रिक सल्लागार."

छापील पत्र समोर आलं. तात्यांनी ताठ मानेने सही ठोकली. (चष्मा घरी होता. असता तरी पत्र इंग्रजीत होतं.)

घरी येऊन त्यांनी पत्र बायकोसमोर आपटलं. "मुख्य!"

"पगार किती?"

"मानद आहे."

"म्हणजे फुकट."

"तुला हुद्द्यातलं काय कळतं?"

लेक आली. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तात्या, शेवटची ओळ कळली का? तुमची नेमणूक असिस्टंट मॅनेजरच्या हाताखाली झालीय. माझ्या! आता माझ्या हाताखाली माणूस आहे. अर्ज नामंजूर."

तात्यांचा चेहरा लालबुंद झाला. "लबाड कुठला! फसवतो मला? आत्ताच्या आत्ता राजीनामा फेकतो त्याच्या तोंडावर!"

"त्याच्या नाही. राजीनामा माझ्याकडे द्यायचा," लेक थकल्या आवाजात म्हणाली. "आणि एक महिन्याची नोटीस लागते. उद्या आठला या, पंखे उतरवायचेत."