समताबाईंची मुलाखत आणि वायफायची मोहीम

साल कोणते म्हणाल, तर ज्या साली जानरावसाहेबांची धाकटी कन्या महामायाबाई वरवट बकालच्या किसनरावांचे घरी सून नेमली गेली, ते साल. मास वैशाख, मौजे अमडापूर, परगणे चिखली. घडले तैसे लिहिले आहे. उणेअधिक दिसल्यास उन्हास बोल लावावा, लिहिणारास लावू नये.

जानरावसाहेबांची नात, देवानंदाची लेक समताबाई, नर्सिंग शिकून घरी होती. तीस शहरच्या मोठ्या इस्पितळाचा हुकूम आला की बुधवारी दुपारी चार वाजता संगणकापुढे बसावे, पडद्यावरून सवालजवाब होतील, जो दिसणार नाही त्याची जागा दुसऱ्यास जाईल. मोबाइलचा भरवसा नव्हता, कारण त्याची रेंज घरात पाऊल टाकीत नसे. सबब सारी भिस्त वायफायवर. त्याचे यंत्र ओसरीच्या भिंतीस खिळ्याने जखडलेले; आणि संगणकाचे ठाणे आतल्या खोलीत, त्यास आंदणाच्या गाद्यांचा व पितळी हंड्यांचा असा वेढा की मेज तसूभर हलू नये.

मंगळवारी चिखलीहून आंदणाचे लोखंडी कपाट टेम्पोत बसून दाखल झाले. दोन दारांचे, सबंध आरशाचे. आंदण मांडावे आणि भावकीने येऊन नाव काढावे, हा आमचे मुलखाचा रिवाज. म्हणून साहेबांनी ते ओसरीत भिंतीस लावून उभे करविले, की रस्त्याने जाणारासही आपले तोंड त्यात दिसावे. वायफायचे यंत्र कपाटामागे गडप झाले. त्याची फिकीर कोणी केली नाही, कारण यंत्र पाहावयास कोणी सोयरा येणार नव्हता.

तेच सांजेपासून नेट लंगडू लागले, आणि बुधवारी सकाळी पार बुडाले. मग मसलत बसली. देवानंदाने कपाटामागे हात घालून, कोपर सोलून, यंत्र बंद केले आणि चालू केले, आणि पुन्हा बंद केले आणि चालू केले. मग संगणकास तीच शिक्षा झाली. मग पासवर्ड बदलण्यात आला, आणि बदललेला पासवर्ड कोणास आठवेना, ही जास्तीची फत्ते पदरी पडली. मग अंगणातून कंपनीस फोन गेला. तेथील बाईने कळविले की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुढे बासरी ऐकविली. मग देवानंद माळ्यावर चढला, तार झाडली, जाळी काढली, आणि कोळ्यांचा निःपात करून उतरला. घरातील प्रत्येक वस्तूवर वहीम आला. कपाटावर येईना, कारण ते साहेबांनी स्वतः पसंत केले होते.

तिसरे प्रहरी समताबाई मोबाइलवर वायफायच्या रेघा पाहत घरभर फिरली. कपाटाच्या फटीशी रेघा उभ्या राहत, पुढे येताच आडव्या होत. तिने आजोबांस अर्ज केला, "आबा, तुमचं कपाटच आडवं येऊन राह्यलं."

साहेबांस हे रुचले नाही. "कपाट काऊन आडवं येईन वं? थे तं बोलतबी नाई."

यावर जनकाबाईसाहेबांनी चुलीपासून अर्धांगाचा अधिकार वापरून फर्मावले, "बोलनारे तं या घरात पयलेच आडवे होते. हे न बोलनारं एक वाढलं."

इतक्यात जासूद आला, म्हणजे अंगणात फोन वाजला, की व्याही किसनराव आंदण पाहावयास निघाले, चारच्या सुमारास पोचतील. कपाट ठेवावे तर नातीची जागा जाते, काढावे तर व्याह्यापुढे ओसरी रिकामी. साहेबांनी तंबाखू मळली, आरशात आपली मिशी पाहिली, आणि तंबाखू न खाताच टाकून दिली. मग शेजारचे हबीबभाई मिस्त्री व त्यांचा बिलाल यांची कुमक मागविली, आणि हुकूम दिला, "उचला. पोरगी आधी."

कपाट अंगणात गेले. तेथे शेळीने आरशातील दुसऱ्या शेळीशी युद्ध मांडले. आत यंत्राचे बारीक बटण काडीने दाबून जुना पासवर्ड पुन्हा गादीवर बसविण्यात आला, नेट उभे राहिले, आणि चारास समताबाई पडद्यावर दाखल झाली.

किसनराव पोचले, कपाट पाहून चकित झाले, आणि पुसले, "आंदन मस्त हाय, व्याही. पन बाहीर काऊन?"

"आत पोरगी बसली हाय," साहेब म्हणाले. "तिचं होऊ द्या. मंग आत जाऊ."

व्याह्यास वैशाखाच्या उन्हात अंगणी बसविल्याचा परगण्यात हा पहिलाच दाखला. किसनराव बाजेवर बसले. साहेब त्यांस पाणी देऊन स्वतः दारात उभे राहिले आणि कोणास आत सोडले नाही, खुद्द जनकाबाईंसही नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. देवानंदाचे कोपराखेरीज जखमी कोणी नाही. समताबाई इस्पितळात रुजू झाली. महामायाबाईचे लग्न ठरल्या दिवशी लागले, आणि कपाट वरवट बकालास गेले.

जानरावसाहेब पुढील साली माघात, मंगळवारी सकाळी, अमडापुरी राहते घरी कालकथित झाले. समता ड्युटीवर होती. तिने त्यांचे मुख अखेरचे पडद्यावर पाहिले. नेट त्या दिवशी कोठे अडले नाही.