हेवी मेटल सापडलं!

मंडळी, संगीत आणि व्हिडिओ गेम या दोन विषयांत सध्या पिंपरी-चिंचवड परिसरात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हसू नका! वय अठ्ठेचाळीस, चष्मा, पोट, चाकणला ब्रेकपॅडच्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर, हे सगळं मान्य. पण गेल्या वर्षभरात मी जे जे शोधून काढलंय, ते ऐकलंत तर तुमची पोरंसुद्धा माझे पाय धरतील.

सुरुवात आमच्या चिरंजीवांमुळे झाली. ओजस इंजिनिअरिंगला नागपूरला गेला आणि थेरगावच्या आमच्या फ्लॅटमधला आवाजच गेला. फोनवर बोलणं म्हणजे काय तर, "जेवलास का?" "हो." "काय जेवलास?" "मेसचं." संपलं! एकदा वैतागून मी विचारलं, "बरं, हल्ली ऐकतोस तरी काय?" तर पठ्ठ्यानं एक गाणंच पाठवलं. हेवी मेटल म्हणतात त्या प्रकाराला. नॉर्वेतली पाच दाढीवाली माणसं, आणि आवाज असा, की आमच्या कंपनीतली मोठी प्रेस त्यांच्यापुढे अंगाई म्हणतेय असं वाटावं! पहिल्यांदा मी घाबरून फोन उशीखाली दडपला. दुसऱ्यांदा मान हलली. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात आपलं टक्कल गरागरा फिरवत असताना मृदुलानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी पकडलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं. तिथे नेमकं बी.पी. निघालं! डॉक्टर म्हणाले, "दगदग कमी करा." मृदुलानं त्याचा अर्थ 'नॉर्वे बंद' असा लावला.

बंद कसलं डोंबल! कंपनीच्या बसमध्ये कानात बोंडं घालून माझं संशोधन चालूच राहिलं. वाळवंटातले उंटवाले काय गिटार वाजवतात, ते सापडलं. चाळीस वर्षांपूर्वी गाऊन गेलेल्या एक जपानी बाई सापडल्या. शब्द एक कळत नाही, पण त्यांच्यामुळे मोशीचा सिग्नलसुद्धा सुसह्य होतो. मग गेम! एक नुसता गळ टाकून बसायचा. त्यात काहीच घडत नाही, आणि म्हणूनच मला तो फार आवडतो. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे घाटातून ट्रक उतरवायचा गेम! तिकडे नागपुरात ओजस एका ट्रकमध्ये, इकडे थेरगावात मी दुसऱ्या. "बाबा, गिअर खाली घ्या! बाबा, वळण! बाबा, गेलात!" पोरगा रोज आपणहून फोन करायला लागला. बाप-लेक जन्मात एवढं बोललो नव्हतो. खरं सांगतो, फार बरं वाटायचं.

तर त्या दिवशीची गोष्ट. आमच्या ग्राहक कंपनीचा नवा छोटा ट्रक येणार होता. हल्ली गाड्यांच्या प्रोजेक्टला संस्कृत नावं द्यायची टूम निघालीये, तसं या ट्रकच्या प्रोजेक्टचं नाव होतं 'ओजस'. हो, ओजसच! त्याचे ब्रेकपॅड आम्ही बनवायचे की नाही, याचा निकाल त्या दिवशी मधुवंती मॅडम देणार होत्या. मॅडम म्हणजे त्या कंपनीच्या क्वालिटी हेड. त्यांना हसताना चाकणमध्ये कुणीही पाहिलेलं नाही. त्यांनी होकार दिला की नवी लाइन, नवी लाइन आली की कॉन्ट्रॅक्टवरची पोरं परमनंट, आणि पोरं परमनंट झाली की गणराजचं लग्न!

गणराज आमच्या पॅकिंगमधला. जिंतूरकडचा. गावाकडच्या स्वरूपा नावाच्या मुलीवर त्याचा जीव, तिचाही त्याच्यावर. पण तिचे वडील रंगराव एका शब्दावर अडून बसलेले. पोरगा निर्व्यसनी आहे, कष्टाळू आहे, ओव्हरटाइमला कधी नाही म्हणत नाही, सगळं कबूल. पण परमनंट आहे का? नाही ना? मग बसा! त्यात जिल्हा परिषदेतल्या एका क्लार्कचं स्थळ दारात येऊन उभं राहिलेलं. रंगरावांनी निरोप धाडला होता, की या आठवड्यात काय ते कळव, नाहीतर आम्ही तिकडे सुपारी फोडतो.

आदल्या दिवशी गणराज माझ्या टेबलापाशी घुटमळत आला.

"साहेब, व्हईल ना हो आपलं?"

"अरे भावा, मी आहे ना! तू बिनधास्त घोडा ठरव!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ऐका. बस मोशीला अडकली होती. जपानी बाई गात होत्या. मन प्रसन्न! वाटलं, वर्ष संपत आलंय, वर्षभराच्या संशोधनाचा निकाल पोराला कळवून टाकावा. व्हॉट्सॲप उघडलं, 'ओजस' असं शोधलं, पहिलं जे आलं त्यावर अंगठा दाबला आणि बोलायला लागलो.

"ऐक रे! वर्षभरात जे जे सापडलं, त्यात हेवी मेटल एक नंबर! आधी वाटलं थोडंच असेल, पण जसजसा खोलात गेलो, तसतसं सापडतच गेलं! आईला मात्र बोलू नकोस, तिला वाटतंय मी केव्हाच बंद केलं. आणि काल ट्रक घाटात सोडला, तर ब्रेकच लागेना राव! थेट दरीत! वर काढला, पुन्हा दरीत! शेवटी म्हटलं मरू दे तो ब्रेक, नुसत्या हॉर्नवर उतरलो! काय मजा आली म्हणून सांगू!"

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. ब्रेकपॅडच्या मिश्रणात शिसं, कॅडमियम असले विषारी धातू औषधालासुद्धा चालत नाहीत. कणभर निघाले तरी सगळा माल परत! आणि या धातूंना आम्ही क्वालिटीवाले काय म्हणतो? हेवी मेटल!

मी कंपनीच्या गेटवर उतरतो न उतरतो तोच फोन वाजला. आमचे प्लँट हेड सोपानराव. खेडचा माणूस, अप्रेंटिसपासून चढत इथवर आलेला.

"आरं नंदकिशोर, ह्ये हेवी मेटल घावलंय म्हनं तुला! खरं हाय का?"

मला वाटलं, बसमधल्या कुणीतरी कौतुकानं सांगितलं असणार. म्हटलं, "हो साहेब! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी सांगितलं सोड! कुठनं आलं ते?"

"नॉर्वेहून, साहेब!"

"इम्पोर्टेड?" ते किंचाळले. "आन् कधीपासनं म्हाईत हाय तुला?"

"वर्ष झालं की!"

"वरीस? आन् मला न्हाई सांगितलंस?"

"साहेब, तुमच्या वयाला झेपेल असं वाटलं नाही हो."

पलीकडे नुसती घरघर ऐकू आली. मग म्हणाले, "मीटिंग रूममधी ये. मधुवंती मॅडम आल्यात. मालाच्या गाड्या थांबवल्यात. ये तू फकस्त!"

मी गेलो. मॅडम बसल्या होत्या, शेजारी त्यांची माणसं, समोर आमची. कुणी चहाला हात लावला नव्हता, तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. मॅडमनी फोन स्पीकरला जोडला आणि खोलीभर माझा आवाज घुमला. "ऐक रे! वर्षभरात जे जे सापडलं..." मंडळी, आपलाच आवाज असा भिंतींवरून ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये! 'ओजस' प्रोजेक्टच्या ग्रुपवर गेला होता तो निरोप. दोन्ही कंपन्यांचे सगळे साहेब त्या ग्रुपवर!

"मॅडम, ते संगीत आहे!" मी ओरडलोच.

"काय?"

"हेवी मेटल! गाण्याचा प्रकार असतो हो तो! आणि ट्रक गेममधला!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मिस्टर नंदकिशोर, तुमच्या वयाचा माणूस, तुमच्या हुद्द्यावरचा, हेवी मेटल ऐकतो आणि मोबाइलवर ट्रक चालवतो. हे मी खरं मानायचं? आणि ही आई कोण? तुमच्या मदर प्लँटपासूनसुद्धा लपवलंत ना हे?"

आता आमच्या मुख्य कारखान्याला मदर प्लँटच म्हणतात, त्याला मी काय करू! 'आई' म्हणजे मदर प्लँट, हा सांकेतिक शब्द आहे, असं मॅडमच्या माणसांनी येता येता गाडीतच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मला काचेच्या दरवाजाबाहेर गणराज दिसला. हातात पॅकिंगची टेप, चेहरा उतरलेला. तो दार किलकिलं करून हळूच म्हणाला, "साहेब, पोरं म्हनायलेत, ऑर्डर गेली. मी तिकडं काय सांगू?" माझ्या नोकरीचं जाऊ द्या हो, या पोराचं लग्न माझ्या अंगठ्यानं मोडत होतं!

"पुरावा दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मी नॉर्वेवाल्यांना स्पीकरवर सोडलं. काचा थरथरल्या. सोपानरावांनी कानांवर हात ठेवले. मिनिटभरात मेंटेनन्सचा पिंटू पाना घेऊन धावत आला, "कुठल्या मशिनचं बेअरिंग गेलं साहेब?"

मॅडमच्या भुवया जराशा वर गेल्या. "आणि गेम?"

सगळ्यांदेखत मी घाटात ट्रक सोडला. आज तरी नीट चालवून दाखवावा म्हणून जीव तोडून ब्रेक मारले. पाचव्या वळणावर सरळ दरीत! ब्रेकपॅडच्या कंपनीतला क्वालिटी मॅनेजर, ग्राहकासमोर! सोपानराव खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

तेवढ्यात तोच फोन वाजला. ओजस! मॅडमनी खुणेनंच स्पीकर चालू करायला सांगितलं.

"बाबा, दरीत पडलात ना आत्ता? दिसलं मला! आणि ऑफिसच्या वेळात खेळताय? थांबा, आईलाच सांगतो! हेवी मेटल चालू आहे तेही सांगतो!"

मॅडमनी विचारलं, "बेटा, आई म्हणजे कोण?"

"अं? माझी आई! तुम्ही कोण?"

फोन ठेवला, तरी मॅडमचं समाधान होईना. आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की पुन्हा पुन्हा 'का?' विचारत मुळापर्यंत जायचं, अशी रीत आहे. त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"निरोप चुकीच्या ग्रुपवर का गेला?"

"दोघांचं नाव ओजस, मॅडम."

"मुलाला हे सगळं का कळवत होतात?"

"वर्षभर आम्ही दोघांनी मिळूनच शोधलंय ते."

"पण हीच गाणी का? हाच गेम का?"

"कारण... त्याला ते आवडतं."

"म्हणून तुम्हालाही का आवडलं?"

मी चष्मा पुसायला काढला. म्हटलं, "मॅडम, तो गेला आणि घर फार गप्प झालं. त्याच्याशी बोलायला माझ्याकडे विषयच नव्हता. मग तो ज्यात होता, तिथे मी गेलो. आता मात्र मला ते मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू?"

सोपानराव उगाच खाकरले. मॅडमनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पुढचा प्रश्न नको. पण सॅम्पल पुन्हा लॅबला जाणार. माझ्यासमोर."

सॅम्पल गेलं! संध्याकाळी रिपोर्ट आला. शिसं नाही, कॅडमियम नाही, काही नाही. ब्रेक टेस्टमध्ये तर आमचे पॅड पहिले आले. मॅडमनी सही केली आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या त्या निरोपामागे एक जपानी बाई गात होत्या. ते गाणं मला पाठवा." दोन पावलं जाऊन परत वळल्या. "ग्रुपवर नको."

नवी लाइन मंजूर झाली. त्याच आठवड्यात पोरं परमनंट झाली. मी गणराजच्या हातात पत्र ठेवलं तेव्हा तो नुसता हसत उभा राहिला, आणि मग पॅकिंगच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. माझेही डोळे भरून आले. का येऊ नयेत?

पुढच्या रविवारी रंगराव स्वतः आमच्या घरी आले. पांढरं धोतर, हातात पेढ्यांचा बॉक्स, मागे लाजत लाजत गणराज. मी जरा ताठच बसलो. एवढं मोठं लग्न जुळवलेला माणूस मी! रंगरावांनी मला निरखून पाहिलं.

"तुमीच का ते, घाटातले साहेब?"

मला कळेना. गणराज जमिनीत जायच्या बेतात. माझा तो निरोप लाइनवरच्या पोरांनी एकमेकांना पाठवत पाठवत पार जिंतूरपर्यंत पोचवला होता! फक्त निरोप. पुढचा खुलासा कुणीच पाठवला नव्हता.

"पोरगी दिली, साहेब," रंगराव म्हणाले. "तुमचे उपकार हायत. पर एक अट हाय. वऱ्हाडाची गाडी तुमी चालवायची न्हाई!"

मी काही बोलायच्या आत मृदुला चहा घेऊन बाहेर आली. "त्याची काळजीच करू नका हो. यांना खरी गाडी येते कुठे? जन्मभर कंपनीच्या बसनं जातात. साधं लायसन्ससुद्धा नाही!"

रंगरावांनी उचललेला कप पुन्हा बशीत ठेवला आणि सावकाश गणराजकडे वळून विचारलं,

"मंग ब्रेक पास कोन करतंय रं? ह्येच?"