इंजिनाच्या शांततेचा संक्षिप्त इतिहास

माणसाला स्वतःचा खोकला चालतो, गाडीचा चालत नाही, या मूलभूत सत्यावर आमची कंपनी उभी आहे.

संस्थापक मूळचे कपडे रंगवणारे. एकदा रंगात घालायचं कसलंसं द्रावण त्यांच्या हातून मोटारीच्या टाकीत सांडलं (ते टाकीपर्यंत कसं पोचलं, याबाबत दप्तर मौन बाळगून आहे) आणि इंजिनाची खडखड थांबली. वर्षभरात पेट्रोलमध्ये घालायची छोटी बाटली 'खडखड बंद, ॲव्हरेज जास्त' अशा जाहिरातीसह बाजारात आली.

पाच वर्षांत खप चौदापट वाढला. त्याच काळात बाटल्या भरण्याच्या खोलीतल्या नऊपैकी सहा कामगारांचे हात थरथरू लागले. व्यवस्थापनाने कारण तत्काळ हुडकलं : वाढत्या खपाचा आनंद. कंपनीच्या डॉक्टरांनी (संस्थापकांचे मेहुणे, निवड निव्वळ गुणवत्तेवर) सर्वांना कोमट पाणी आणि सकारात्मक विचार लिहून दिले. बाटलीवर 'वापरण्यापूर्वी हलवा' असं छापलेलं असे. ती आता हलवूनच बाहेर पडू लागली.

त्या खोलीतला सर्वांत जुना कामगार म्हणजे मास्तर. एका संध्याकाळी तो घरी निघाला आणि फाटकातच उभा राहिला.

"काय मास्तर, काही विसरलात?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माझं घर कुठल्या अंगाला रे?"

पहारेकरी हसला. मग हसायचा थांबला.

मास्तरची मुलगी कंपनीच्याच प्रयोगशाळेत होती. तिने तीन आठवडे त्या खोलीतली हवा तपासली आणि दोष बाटलीतल्या द्रावणाचाच आहे, असा अहवाल संस्थापकांपुढे ठेवला. त्यांनी तो आदराने चाळला.

"अक्षर फार सुरेख आहे हं तुझं."

"साहेब, बाबांना माझं नाव आठवत नाही."

"अगं, एवढ्या माणसांची नावं माझ्याही कुठे लक्षात राहतात!"

तिला सुंदर हस्ताक्षराचं प्रशस्तिपत्र आणि लेबलं चिकटवण्याच्या विभागात बढती मिळाली. प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवून ती बाहेर पडली आणि पेट्रोल पंपावर उभी राहून अहवालाच्या प्रती वाटू लागली.

सुमारे चारशे वाहनचालकांनी तो वाचला. कित्येकांचे डोळे पाणावले. एका बाईंनी तर गाडीतून उतरून तिला जवळ घेतलं. डोळे पुसून झाल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "पण काय गं, याने ॲव्हरेज खरंच वाढतं का?"

वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही मनात केव्हाचा आहे. संकोच नको. लिटरमागे दोन किलोमीटर.