खांब पाहिजे, पण समोर नको

गाडी आपोआप चालते याबद्दल आमची काही तक्रार नव्हती. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपोआप थांबते, एवढीच तक्रार होती.

बाकी सगळे शहर ती शहाण्यासारखी पार करायची. सिग्नलशी बोलायची, आजूबाजूच्या गाड्यांशी बोलायची, पुढच्या गाडीने ब्रेक लावायचे मनात आणले की ही इकडे हळू व्हायची. आणि गल्लीत वळायची वेळ आली, की जागच्या जागी उभी राहून मंजुळ आवाजात सांगायची, "पुढे नेटवर्क नाही. सुरक्षिततेसाठी कृपया इथेच उतरावे." गाडीला स्टिअरिंगच नव्हते, त्यामुळे हुज्जत घालायची सोय नव्हती.

एरवी आम्ही चालत गेलो असतो. पण आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते, जावई परगावी नोकरीला आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडी घेतली होती ती त्यासाठीच.

"अहो, ऐनवेळी पोरीला काय पाठुंगळीला मारून नेणार आहात?" बायकोने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. गल्लीच्या रहिवासी मंडळाचा चिटणीस या नात्याने मी तो बैठकीत मांडायचे ठरवले.

बैठकीला नेटवर्कच्या इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे नवं नेटवर्क फार वेगवान आहे, पण नाजूक. मध्ये भिंत आली की संपलं. म्हणून अँटेना जवळ लागतो. तुमच्या गल्लीत एक खांब पुरे."

टाळ्या पडल्या. गल्लीने एकमुखाने खांबाला मंजुरी दिली.

"मग कुठे उभा करू?" मॅडमनी विचारले.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी आधी खाली पाहिले, मग शेजाऱ्याच्या घराकडे पाहिले. आम्ही विकासाच्या विरोधात मुळीच नाही. तशी नोंद मी प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला करतो. पण लहरी त्या लहरी. शिंपी म्हणाला, लहरींनी माझी नजर जाईल, सुईत दोरा कोण ओवणार? कोपऱ्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझं डोकं आधीच दुखतं. आमच्या घरासमोरची जागा खरे तर सगळ्यात मोकळी होती. ती मोकळीच राहावी, असे मत मी चिटणीस म्हणून नव्हे, तर घरमालक म्हणून नोंदवले.

"लहरींचा त्रास होत नाही हो," मॅडम काकुळतीने म्हणाल्या.

"मग तुमच्या दारात आहे का खांब?" शिंप्याने विचारले.

"आमच्याकडे... पलीकडच्या रस्त्यावर आहे. रेंज छान येते," मॅडम म्हणाल्या आणि कागद चाळू लागल्या.

तोडगा मी काढला, हे नम्रपणे नमूद करतो. खांब कुणाच्याच घरासमोर उभा राहू नये अशी सर्वांची इच्छा असेल, तर खांबाने उभेच राहू नये. अँटेना हातगाडीवर बसवावा आणि हातगाडी गल्लीत फिरती ठेवावी. म्हणजे लहरी सर्वांना समान, आणि कुणालाच फार नाहीत. ठराव एकमताने संमत झाला. मॅडमनी डोळे मिटून घेतले, भारावल्या असाव्यात.

हातगाडी ढकलणार कोण? तर आमच्या गल्लीत एक ड्रायव्हर राहायचा. या आपोआप चालणाऱ्या गाड्यांनीच त्याची नोकरी खाल्ली होती आणि तेव्हापासून तो ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गिअर कसा टाकावा ते शिकवायचा. त्याला आम्ही 'संचारी नेटवर्क वाहक' हे पद दिले. त्याने दोन अटी घातल्या. टोपी पाहिजे, आणि हातगाडी त्याच्या खोलीसमोर क्षणभरही थांबणार नाही.

व्यवस्था झकास चालू लागली. कुणाला बाहेर जायचे असले, की ड्रायव्हर हातगाडी घेऊन पुढे चालायचा आणि ती बिनड्रायव्हरची गाडी त्याच्या मागून गोगलगाईसारखी सरकत यायची.

"साहेब, आधी मी गाडीत बसून गाडी चालवायचो," तो म्हणाला. "आता गाडीच्या पुढे चालत गाडी चालवतो. प्रगती आहे!"

पण मुख्याध्यापिकाबाईंची हरकत उरली होती. दुपारी दोन ते चार ही त्यांची झोपेची वेळ, आणि त्यांचे घर नेमके गल्लीच्या तोंडाशी. तेव्हा त्या वेळेत तिथून वाहतूक नको, अशी उपसूचना मी लिहिली. शिवाय गाड्या माणसांसारख्या नियम मोडतील ही भीती नको, म्हणून मॅडमना सांगून ती थेट गाड्यांच्या डोक्यात घालून घेतली. माणसाला नियम सांगावा लागतो, गाडीला तो एकदा घातला की झाले. याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

आणि त्या दिवशी भर दुपारी लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

आम्ही तिला गाडीत बसवले. ड्रायव्हरने टोपी चढवली, हातगाडी पुढे घेतली. बायको लेकीचा हात धरून बसली होती. मुख्याध्यापिकाबाईंच्या फाटकाशी येताच गाडी थांबली.

"पुढे विश्रांती क्षेत्र. कृपया चार वाजेपर्यंत थांबावे."

"अगं बाई!" बायको ओरडली. "अहो, सांगा ना तिला काहीतरी!"

मी गाडीला माझे पद सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा चार वाजेपर्यंत थांबायला सांगितले. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उपसूचना मंडळाने रद्द केली तर मी लगेच काढते." मी म्हणालो, त्यासाठी बैठक बोलवावी लागेल, आणि बैठकीची सूचना आगाऊ द्यावी लागते.

"बाबा!" लेक कळ सोसत किंचाळली. "तुमची उपसूचना घाला चुलीत!"

त्या आवाजाने मुख्याध्यापिकाबाई खिडकीत आल्या. मला वाटले, आता लेखी तक्रार. पण त्या म्हणाल्या, "अहो चिटणीस, नुसते बघत काय उभे आहात? त्या हातगाडीवर घाला की पोरीला!" आणि आपली गादी त्यांनी खिडकीतून खाली टाकली.

खोटे कशाला सांगू, मी गादी तेवढी अंथरली. बायकोने आणि ड्रायव्हरनेच लेकीला उचलून गादीवर बसवले. धरायला दुसरे काहीच नव्हते म्हणून तिने अँटेनाला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. ज्या लहरींना अख्खी गल्ली घाबरत होती, त्यांना पोटाशी धरून माझी लेक निघाली.

मोठ्या रस्त्यावर मात्र नवल घडले. हातगाडीची नोंद 'नेटवर्कचे दुरुस्ती वाहन' अशी असल्याने प्रत्येक सिग्नल हिरवा होत गेला. पुढच्या गाड्यांनी मागच्यांना कळवले, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना, आणि सगळ्या महागड्या गाड्या अदबीने कडेला सरकल्या. ड्रायव्हर पळत होता आणि तोंडाने हॉर्न वाजवत होता. मी मागे धापा टाकत होतो. आमची गाडी तेवढी गल्लीत नियम पाळत उभी होती.

लेक सुखरूप सुटली. नात झाली. मी रडलो, आणि ते लपवायच्या फंदातही पडलो नाही. जावयाला फोटो पाठवायला गेलो तर दवाखान्याच्या जाड भिंतींत रेंजचा पत्ता नाही. मग ड्रायव्हरने हातगाडी बरोब्बर लेकीच्या खिडकीखाली आणून लावली. फोटो निमिषात गेला. गल्लीच्या ग्रुपवरही टाकला, तर रेंजसाठी मोठ्या रस्त्यावर जमलेल्या गल्लीकडून आशीर्वादांचा पाऊस पडला. सगळ्यात आधी शिंप्याचा.

दुसऱ्या दिवशी हातगाडी गल्लीत परतताच आमची गाडी जागी झाली, चार वाजून गेल्याची खात्री करून रिकामीच दवाखान्यात गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आपण सुखरूप पोहोचला आहात."

लेक आणि नात घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पुरे झालं ते फिरणं. तो खांब आपल्याच दारात लावू या. पोरीने मिठी मारली, काय झालं तिला? जागा आहे, उद्या बाळाला डॉक्टरकडे न्यायलाही बरं."

"आपल्या दारात?" मी दचकून म्हणालो. "अगं, घरात तान्हं बाळ आहे! काहीतरीच काय!"

 मुख्याध्यापिकाबाईंसह सगळ्या गल्लीने मला पाठिंबा दिला, आणि हातगाडी अजून फिरते आहे.

तुम्ही हसताय, हसा. मोबाइलवर हे वाचत असाल तर रेंज छान येत असणार. मग जरा उठून खिडकी उघडा आणि तो खांब कुणाच्या दारात आहे ते बघा. तुमच्या नसेल, याची मला खात्री आहे. तुमच्या गल्लीचे चिटणीस तुम्हीच आहात ना?