लाइट जायच्या आत

डेस्मंड पिक्टनला विजेची सबस्टेशनं आवडत. इनिसफेल गावातल्या साखर कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर काढून तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या बरोबरीच्यांनी होड्या घेतल्या. डेस्मंडने कॅमेरा घेतला आणि ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही अशा जागांचे फोटो काढायला लागला. पंपघरं, गटारांची तोंडं, दुकानांच्या मागच्या भिंती आणि मुख्य म्हणजे सबस्टेशनं. नऊ वर्षांत त्याने फोटोत माणूस येऊ दिला नव्हता. एखादा मध्ये आलाच, तर तो जाईपर्यंत हा उभा.

बायकोची, ओरिएलची, एवढीच अट होती की बाहेर पडताना नारिंगी चमकतं जाकीट घालायचं. गटाराचा फोटो काढण्यात गुंग असताना एकदा ट्रक त्याला घासून गेला होता. तेव्हापासून डेस्मंड लांबून कोणत्यातरी खात्याचा माणूस वाटायचा. त्याच्या ते कधी लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी तो घाईत होता. गावच्या वाचनालयाने पहिल्यांदाच त्याला एक भिंत दिली होती, बारा फोटोंसाठी. अकरा तयार होते. बारावा सोमवारी द्यायचा होता आणि तो ग्रेव्हिलिया स्ट्रीटच्या सबस्टेशनचाच हवा होता. त्याच्या विटांच्या भिंतीवर साडेपाचला जे ऊन तिरपं येतं, ते जेमतेम वीस मिनिटं टिकतं. चार दिवस आभाळ भरलेलं होतं. शनिवारी ते उघडलं आणि डेस्मंड कॅमेऱ्याची तिपाई घेऊन धावला.

समोरच्याच घरात झिटा मार्झोकी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ पंचविशीची. जाळीच्या कुंपणापाशी नारिंगी जाकीट दिसल्यावर ती रस्ता ओलांडून आली आणि काही काम निघालंय का, असं तिने विचारलं.

डेस्मंडचा डोळा कॅमेऱ्याला होता. "लाइट जायच्या आत उरकायचंय," तो म्हणाला. "वीसच मिनिटं आहेत."

"आज जाणार?"

"आज काय, रोजच जाते की. पण आजच्यासारखी संधी परत नाही."

त्यातलं झिटाने नेमकं पहिलं वाक्य उचललं. "आणि परत कधी येणार?"

"उद्या, याच वेळेला. पण ढग आले तर उद्याचाही भरवसा नाही. सरका जरा, सावली पडतेय तुमची."

झिटा सरकली ती थेट घरात गेली. हल्ली वीज उन्हावर करतात हे ती ऐकून होती, त्यामुळे ढगांचंही तिला पटलं. तिच्या डीप फ्रीझरमध्ये तीस किलो कोळंबी होती. पुढच्या शनिवारी नातीचा, कार्लाचा, साखरपुडा होता आणि कोळंबी तिने थेट बोटीवर जाऊन, एकेक पारखून आणली होती. बाहेर लोणी वितळून वाहील असा उकाडा. मागे चक्रीवादळात गल्लीची लाइट अकरा दिवस गेली होती, तेव्हाचा वास अजून कोणी विसरलं नव्हतं.

तिने शेजारच्या लेस गॅरहीला हाक मारली. लेसने पुढच्या दोन घरांना सांगितलं. दहा मिनिटांत गल्लीभर कळलं की लाइट उद्यापर्यंत नाही, आणि शेवटच्या घरात ते पोचलं तेव्हा आठवडाभर नाही असं झालं होतं. कोणी बाथटब पाण्याने भरले. कोणी बर्फ आणायला धावलं, तर दुकानातला बर्फ पहिल्या तिघांनीच उचललेला. लेसने वादळाच्या वेळचा जनरेटर बाहेर ओढला, दोरी खेचली. जनरेटरने काळा धूर सोडला आणि डोळे मिटले.

"लेस, ठेव ते," झिटा म्हणाली. "सडवण्यापेक्षा खाऊ. शेगडी आण."

मग गल्लीत गॅसच्या शेगड्या आल्या, टेबलं आली. कोळंबीवर लसूण पडला. लेसने चिंबोऱ्या आणल्या, कोणी बॅरामंडी माशाचे तुकडे आणले, कोणी मुलांसाठी लपवलेलं आइस्क्रीमही. कोणीतरी कार्लाला फोन केला की तुझ्या साखरपुड्याची कोळंबी आजीने शिजायला घातली आहे. ती होणाऱ्या नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना गाडीत घालून निघाली.

इकडे डेस्मंडला हवा तो फोटो मिळाला होता. ऊन भिंतीवरून उतरलं तसा तो खूश होऊन वळला आणि पाहतो तर अर्धी गल्ली जेवायला बसलेली. त्याला खुर्ची दिली गेली, भरलेलं ताट दिलं गेलं. तुमच्यामुळे वेळेवर कळलं, असं तिघे जण सांगून गेले. लेसने त्याला अदबीने विचारलं, की या कामात किती वर्षं झाली? नऊ, डेस्मंड म्हणाला. धोका असतो का? कुत्रं चावलं होतं एकदा. नऊ वर्षांत आपल्या छंदाची इतकी आस्थेने विचारपूस कोणी केली नव्हती. डेस्मंडचे डोळे भरून आले. ते लसणाच्या धुराने असेल असं लेसला वाटलं.

साडेसहा झाले. झिटाच्या ओट्यावरचा पंखा फिरतच होता. पाठोपाठ रस्त्यावरचे दिवे लागले आणि एकेक जण खायचा थांबला.

"साहेब," लेस म्हणाला, "जाणार कधी लाइट?"

"गेली की," डेस्मंड चिंबोरीचा पाय फोडत म्हणाला. "कधीच गेली. पण ती जायच्या आत मी फोटो काढून घेतला." आणि त्याने कॅमेऱ्यावरचा फोटो दाखवला. विटांची भिंत, त्यावर तिरपं सोनेरी ऊन, धोक्याची पाटी.

फोटो हातोहात गल्लीभर फिरला. शेवटी तो झिटाकडे आला. तिने तो पाहिला, मग डेस्मंडकडे पाहिलं, मग रिकाम्या फ्रीझरच्या दिशेने. तिच्या हातात झारा होता. "विजेच्या खात्याचे ना तुम्ही?" लेसने विचारलं. डेस्मंड खुर्चीतून उठला आणि आपण विजेच्या खात्यात कधीच नव्हतो, वजनकाट्यावर होतो, असं जमेल तसं सांगू लागला.

तेवढ्यात कार्लाची गाडी आली. सासू उतरली, तिने टेबलं पाहिली, माणसं पाहिली, एक कोळंबी तोंडात टाकली आणि म्हणाली, "सगळे आहेत, जेवणही आहे, मग पुढच्या शनिवारी वेगळं काय करणार आपण?"

कार्लाने नवऱ्या मुलाकडे पाहिलं. त्याने खिशातून अंगठी काढली. ती तो हरवायच्या भीतीपोटी आठवडाभर बरोबरच घेऊन हिंडत होता.

झिटाने झारा खाली ठेवला. "आता फोटो कोण काढणार?" तिने विचारलं आणि सगळे डेस्मंडकडे वळले.

माणसांचं आपल्याला जमत नाही, माणसं हलतात, असं तो म्हणाला. हलणार नाही, असं चाळीस जणांनी कबूल केलं आणि जागा मोकळी म्हणून सबस्टेशनच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. हलले सगळेच.

रविवारी डेस्मंडने दिवसभर दोन्ही फोटो समोर ठेवले. एकात नऊ वर्षं शोधलेलं ऊन होतं. दुसऱ्यात हसणारी, तोंडात घास असलेली माणसं होती, आणि त्यांच्या डोक्यांमधून जेमतेम दिसणारी ती भिंत. संध्याकाळी ओरिएलने काही विचारायच्या आत त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं.

प्रदर्शनाला अख्खी गल्ली आली. अकरा फोटोंवर नजरही न टाकता सगळे बाराव्यापाशी जमले आणि आपापले चेहरे शोधू लागले. झिटाने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आलाय," ती डेस्मंडला म्हणाली. "पण मागे मध्येच ते काय आलंय हो?"