हिराअक्कांचे रिकामे हात

भोंगवलीच्या हिराअक्कांना हातात काम असल्याशिवाय बोलता यायचं नाही. मत मागायला कुणाच्या घरात शिरल्या की आधी त्या घरचं सूप पुढ्यात ओढायच्या. तांदूळ असले तर खडे वेचायच्या, लसूण असला तर सोलायच्या, आणि मगच विषयाला हात घालायच्या. "हाताला काम द्या, मग तोंडाचं बगू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाया खूश. फुकटात दुपारचं काम उरकतंय म्हटल्यावर मत द्यायला कुणाचं काय जातंय!

मी शेजारच्या किकवीला शाळामास्तर. सरकारी पगार, त्यामुळे राजकारणात माझं नाव कुठं नव्हतं. पण अक्कांचे अर्ज, ठराव, पत्रं सगळं मीच लिहायचो. पंचायतराज नवीन होतं. ग्रामपंचायतीत बाईची जागा भरायची होती आणि कुणाच्या घरचे सोडेनात, तेव्हा गावानं विधवा हिराअक्कांना पुढं ढकललं. शोभेला बसतील, असा पुढाऱ्यांचा अंदाज. अक्का बसल्या, पण मांडीवर घेवड्याच्या शेंगांची पिशवी घेऊन.

पंचायत समितीत गेल्यावरही तेच. एकदा गटविकास अधिकारी खेकसले, "बाई, ही सभा आहे, माजघर नाही." अक्कांनी मूठभर लसूण त्यांच्या फायलीवर ठेवला. "ऐकता ऐकता एवडा सोला सायेब. येल्ह्याकडच्या वाड्यांतल्या बाया पान्यापायी डोंगर उतरत्यात, ते सांगाया मला येळ लागंल." साहेबांनी सोलला की! विहीर मंजूर झाली, आणि साहेबांच्या बोटांचा वास दोन दिवस गेला नाही म्हणे.

पुढं जिल्हा परिषदेवर निवडून आल्या. दिल्लीला देशभरच्या महिला कार्यकर्त्यांचा मेळावा होता, तिथंही त्यांना पाठवलं. शेजारी एक पंजाबी बाई, तिच्या लोकरीचा गुंता झालेला. अक्कांना हिंदी येत नव्हती, त्या बाईला मराठी. अक्का गुंता सोडवत तासभर मराठीत बोलल्या आणि ती बाई तासभर मान डोलवत राहिली. "काय सांगितलंत तिला?" त्या परत आल्यावर मी विचारलं. "आपल्या हिरींचंच. दुसरं हाय काय माज्याकडं?"

मग बहात्तरची विधानसभा आली आणि अक्कांचं नाव चर्चेत आलं. मुंबईचे मोठे पुढारी भोरला सभा घेणार, इच्छुकांची भाषणं ऐकणार आणि उमेदवार ठरवणार. मला आनंद व्हायला हवा होता. पण एवढ्या मोठ्या लोकांपुढं ही बाई शेंगा सोलत बोलणार, आणि उद्या सगळे विचारणार, हिला शिकवलं कुणी? खरं सांगतो, मला त्यांची लाज वाटली.

मी चार पानी भाषण लिहिलं. राष्ट्र होतं, प्रगती होती, स्त्रीशक्ती होती. विहीर एकही नव्हती. आणि अक्कांना न विचारता त्यांची पिशवी उचलून स्टेजमागच्या जाजमाखाली ढकलून दिली.

अक्का बोलायला उठल्या. आधी इकडंतिकडं पिशवी शोधली. मग माझे कागद धरले. कागद थरथरायला लागले, इतके की माइकमधून त्यांची फडफड साऱ्या मैदानाला ऐकू गेली. लोक हसले. शेजारी बसलेला पुण्याचा कार्यकर्ता मला म्हणाला, "ही बाई कुणी आणली हो?" मी म्हणालो, "कोण जाणे," आणि मीही हसलो. अक्का नेमक्या माझ्याकडंच बघत होत्या.

दोन ओळी वाचून त्या खाली बसल्या. उमेदवारी दुसऱ्याला गेली.

संध्याकाळी भोरच्या स्टँडवर भोंगवलीच्या लोकांनी त्यांना घेरलं. "अक्का, कुणी लिवलं वो त्ये भाषान?"

"म्याच. डोकं फिरलं माजं," अक्का म्हणाल्या. मी चार हातांवर उभा होतो.

लोक पांगल्यावर जवळ गेलो. "अक्का..." मी म्हणालो.

"परक्याम्होरं तोंड उघडलं का माजं हात कापत्यात, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "पयल्या दिसापासनं. कुणाला दिसू नये म्हून शेंगा." मग म्हणाल्या, "तुमाला ठावं हाय, आसं वाटायचं मला."

मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं त्यांच्याबरोबर हिंडलो आणि त्यांचं ते शेंगा सोलणं मला गंमत वाटलं. शाळेत इतर मास्तरांपुढं मी त्यांची नक्कल करून दाखवायचो आणि चहा मिळवायचो.

एसटी लागली. एकच रेटारेटी. अक्का आधी चढल्या आणि पुढं खिडकीशी जागा धरली. मी सगळ्यांत शेवटी चढलो आणि मागं गर्दीत उभा राहिलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. कुणीतरी त्यांच्या शेजारी बसायला गेलं, तर त्यांनी बाकावर हात आडवा टाकला. "हितं मास्तर येनार हायेत."

कापूरहोळ गेलं. गाडी इतकी भरली की दोघं दाराशी लोंबकळत होते. कंडक्टर ओरडला, तरी तो हात बाकावरून हलला नाही. किकवी आली, तशी मी मागच्या मागं उतरलो.