सुलाबाईची वाकळ

लेकानं, धम्मपालनं, सासुरवाडीहून म्हणजे ताडकळसहून पाठवलेला फोटो सुलाबाईनं आधी जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला, आणि मग नवऱ्याला विचारलं, "ह्यात नात कुठं हाय?"

पंडितरावांनी चष्मा वर केला. "ही काय मधी. नाक दिसायलंय की."

"मला तर निस्ती वाकळच दिसायलीय."

तिचं अगदीच खोटं नव्हतं. नवी नात फोटोत मुठीएवढी होती आणि बाकी सगळी वाकळ. ती विहीणबाईंनी, म्हणजे सून धम्मशीलाच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी शिवली होती. लाल-पिवळे तुकडे, ज्वारीच्या दाण्याएवढे टाके आणि चारी बाजूंनी निळी किनार. पाहुण्यांच्या ग्रुपवर सतरा जणांनी त्या वाकळीला हात जोडले होते. त्यात सुलाबाईचा सख्खा भाऊही होता.

"दुकानातून आणली असंल," सुलाबाई म्हणाली.

"स्वतः शिवली म्हणून लिव्हलंय धम्मपालनं."

"त्याला काय कळतंय? सासूनं चहा केला तरी फोटो टाकतोय त्यो."

त्याच दुपारी तिनं पेटी उघडली. नामकरण नऊ दिवसांवर आलं होतं. पेटीतली लुगडी सगळी घसरणाऱ्या कापडाची. सुती अशी दोनच निघाली. आतल्या थराला कापड कमी पडलं, तेव्हा दोरीवरचे पंडितरावांचे दोन पांढरे सदरे कमी झाले.

"माझा सदरा कुठं गेला गं?"

"नातीला आज्याची ऊब नको का?"

पंडितरावांनी रिकाम्या दोरीकडं पाहिलं. ते बनियनवरच बसले.

बातमी ताडकळसला जाऊ नये म्हणून सुलाबाई मधल्या खोलीचं दार लावून शिवायची. फरशी गार लागायची, म्हणून तिनं खाली महिला मंडळाची सतरंजी अंथरली होती. मंडळाचं सामान तिच्याकडंच असायचं. सतरंजीवर कापडाचे थर मांडले, ते शेवटचा टाका पडेपर्यंत हलवायचे नाहीत असं तिनं ठरवलं. तिसऱ्या दिवशी ती बोट चोखत बाहेर आली.

"सुई लय जड जायलीय."

"मग सोड की नाद."

"सोडू कशाला? जड जायलीय म्हंजे काम पक्कं होयलंय. तिकडची बघा, दोन धुण्यात उसवती का न्हाई."

नामकरणाच्या सकाळी तिनं शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि वाकळ घडी घालायला उचलली. वाकळ उठली. तिच्याबरोबर सतरंजीही उठली.

सुलाबाईनं झटका दिला. मग पंडितरावांनी सतरंजीवर पाय देऊन धरली आणि तिनं ओढून पाहिली. शेवटी काम खरोखरच पक्कं झाल्याचं दोघांच्याही लक्षात आलं.

"ही तर बुडासकट आली की गं."

"उसवू का?"

"आठ दिवसाचे टाके एका तासात उसवतेत व्हय?"

"मग सतरंजी कापू."

"मंडळाची हाय. कापलीस तर मंडळ तुला कापंल. त्यापरीस ऱ्हाऊ दे. झबलं घे एखादं वाटंत."

झबलं म्हणताच सुलाबाईच्या डोळ्यांपुढं ती निळी किनार आली. "वाकळ जाणार," ती म्हणाली. "सतरंजीला यायचं असंल तर येऊ द्या."

चुडाव्याहून ताडकळसपर्यंत ती मोटारसायकलवर मागं बसून गेली. मांडीवर ती गुंडाळी आणि पुढं पंडितरावांची मान, एवढंच तिला दिसत होतं.

बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं गेलं, आणि आहेर सुरू झाल्यावर सुलाबाईनं वाकळ चटकन सुलट बाजू वर करून अंथरली. सतरंजीचे पट्टे चारी बाजूंनी वीतभर बाहेर आले होते.

"किनार लय रुंद लावली ओ!" एक बाई म्हणाली.

"आणि जाड किती! थंडीचं बरंय लेकराला."

सुलाबाई सुखावली. पण सत्यशीलाबाई जवळ आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी कोपरा उलटला. खालच्या बाजूला, सतरंजीवर, पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, "महिला मंडळ, चुडावा." त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे, आख्ख्या मंडळानं केली का ओ?"

सुलाबाईनं कोपरा घाईनं परत खाली दाबला. नाही म्हणावं तर सतरंजीचं काय सांगायचं? हो म्हणावं तर वाकळ मंडळाची झाली.

"तसंच समजा," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, पडद्यावर 'मंडळ अध्यक्ष' असं आलं. मंडळाची अध्यक्ष राजेश्री बोलत होती. "सुलाबाई, सतरंजी कुठंय? तालुक्याच्या मॅडम येऊन फरशीवर बसल्यात!"

"अध्यक्षबाई हायत का? द्या इकडं," म्हणून सत्यशीलाबाईंनी फोन घेतलाच. "लय उपकार झाले ताई! आमच्या नातीसाठी एवढी वाकळ केली तुमी!"

 पलीकडून राजेश्रीचा आवाज आला, मघापेक्षा पुष्कळ गोड. "अवो, एवढं काय त्यात. फोटो तेवढा पाठवा."

फोटो गेला. राजेश्रीनं तो मॅडमना दाखवला. जेवणं उरकेपर्यंत तो मंडळाच्या ग्रुपवर परत आला, खाली 'अध्यक्षांच्या कल्पनेतून साकारलेली भेट' असं लिहून. पंडितरावांनी ते बायकोला विहिणीदेखत वाचून दाखवलं आणि तिच्याकडं बघून ताबडतोब पाणी प्यायला उठले.

संध्याकाळी पाहुणे पांगले. नात नव्या वाकळीवर झोपली होती आणि दोन विहिणी तिच्या दोन बाजूंना बसल्या होत्या.

"खरं सांगू का, विहीणबाई?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आज माझा जीव लय जळला बघा."

हे ऐकायलाच सुलाबाई नऊ दिवस थांबली होती. तिनं पदर सारखा केला. "व्हतंय तसं. मनाला लावून नका घेऊ."

"तुमच्यामुळं न्हाई ओ. त्या तुमच्या अध्यक्षबाईमुळं. एक टाका तरी घातला का तिनं? समदी वाकळ तुमीच शिवली, आन् कल्पना म्हणं तिची!"

"तुमाला कसं कळलं?"

"बोटं बघा की तुमची. चाळणी झालीय."

सुलाबाईनं बोटं पदराआड घेतली. मग जरा वेळानं बाहेर काढली, सरकत सरकत विहिणीच्या बाजूला जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "माझाबी लय जळला."